पिझ्झा खिलवणारा मॅनेजर

शनिवार सकाळ, दुसरा चहा आणि डोक्यात फुटबॉल. ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही पळून जाऊ नका, गाडी शेवटी ऑफिसातच येणार आहे :)

२ मे २०१६ ची रात्र. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण एका लॅपटॉपला चिकटलेलो. मॅच चेल्सी-टॉटनहॅमची, पण जीव अडकलेला लेस्टर सिटीमध्ये. टॉटनहॅम जिंकलं नाही की लेस्टर चॅम्पियन! टॉटनहॅम दोन गोलनी पुढे... मग चेल्सीने दोन्ही फेडले. २-२. आम्ही एवढे ओरडलो की वॉर्डन वर आला. सीझनच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी ५००० ला १ भाव दिलेला क्लब प्रीमियर लीग जिंकला होता!

मॅनेजर होता क्लॉडिओ रानिएरी, ६४ वर्षांचा इटालियन. लेस्टरला यायच्या आधी ग्रीसने त्याला हाकललं होतं, कारण संघ घरच्या मैदानावर चक्क फेरो बेटांकडून हरला होता. लेस्टरच्या पोरांना त्याने सांगितलं, एक मॅच गोल न खाता काढा, पिझ्झा माझ्याकडून. पोरांनी काढली. मग हा त्यांना घेऊन गेला आणि पिझ्झा त्यांच्याच हातून बनवून घेतला. असा माणूस.

आणि २३ फेब्रुवारी २०१७ ला त्याला काढलं. जेमतेम नऊ महिन्यांनी.

क्लबकडे कारणं नव्हती असं नाही. लेस्टर १७ वं होतं, खाली घसरण्यापासून एक पॉइंट वर. २०१७ मध्ये लीगमध्ये एकही गोल नाही. पण बघा ना, कान्ते चेल्सीला गेला होता. वार्डीला पळायला मोकळी जागा द्यायची नाही, हे सगळ्यांना समजलं होतं. वर चॅम्पियन्स लीगची दगदग. यात रानिएरीचा दोष किती? खेळाडूंनी मालकांकडे तक्रार केल्याच्या बातम्या आल्या, खेळाडूंनी त्या नाकारल्या. खरं-खोटं देव जाणे.

मला खटकतं ते पुढचं. चारच दिवसांनी लेस्टरने लिव्हरपूलला ३-१ हरवलं. मैदानात चॅम्पियन झालेलीच टीम, फक्त कान्तेच्या जागी एनडिडी. वार्डी सुटल्यासारखा पळत होता, दोन गोल. लीगमधल्या सलग पाच मॅच जिंकल्या आणि शेवटी १२ वा नंबर. म्हणजे निर्णय बरोबरच ठरला की! पण मग हे पाय आधी कुठे होते?

आता ऑफिस. आमचे दोन रिलीज लागोपाठ आपटले. क्लायंटचं एस्केलेशन आलं. वरच्या साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "टीमला काय वाटतं?" आमचा मॅनेजर म्हणजे, प्रॉडक्शन बंद पडलं तर आम्हाला घरी पाठवून स्वतः रात्रभर कॉलवर बसणारा माणूस. माझ्या पहिल्या मोठ्या चुकीचं मेल त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आणि मी काय म्हणालो? "थोडा बदल झाला तर बरं होईल, सर." मी तक्रार केली नाही हं. फक्त एवढंच म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्याला प्रोजेक्टवरून काढलं.

त्यानंतरचा रिलीज मख्खनसारखा गेला. कोड तोच, माणसं तीच. फक्त सगळे उशिरापर्यंत थांबले, टेस्ट केसेस दोनदा तपासल्या. मीसुद्धा. नवीन मॅनेजरचं कौतुक झालं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

काल रात्री जुन्या मॅनेजरचा मेसेज आला, "रिलीज मस्त झाला म्हणे. अभिनंदन रे!" वर स्मायली.

त्याला तरी आम्ही आमचे पाय कुठे दाखवले होते?

अजून रिप्लाय केलेला नाही. तीनदा टाइप करून खोडला. असो... चहा गार झाला.