राहण्याची व जेवणाची घरगुती सोय

मार्च संपत आला की पुण्यातून कोकणाकडे पोस्टकार्डं निघायची. 15 पैशांचं कार्ड आणि त्यावर वडिलांचं बारीक अक्षर: ‘मोठी सात व मुले पाच अशी आम्ही 8 मेला पोहोचतो. चार मुक्काम. वाडीकडची खोली मिळाल्यास उत्तम.’ उलट टपाली तिथल्या घरमालकांचं, म्हणजे आमच्या काकांचं, उत्तर यायचं: ‘अवश्य यावे. खोली ठेवली आहे. येताना शिलाई मशीनचा पट्टा आणावा, इकडे मिळत नाही.’ आगाऊ रक्कम नाही की पावती नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांत आणि पुढे कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटांत वाढलेल्या आमच्या पिढीचा समुद्र असा पोस्टकार्डावर ठरायचा.

कुणाचा समुद्र मुरूड-हर्णैचा, कुणाचा गुहागरचा, कुणाचा श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा. ज्याचा जो ठरला तो ठरला. वर्गात गप्पा व्हायच्या तेव्हाही ‘आमचं मुरूड’, ‘आमचं गुहागर’ अशीच भाषा असायची. दर वर्षी नवं गाव बघावं असं घरात कुणालाही वाटत नसे. गेल्या वर्षीच्याच घरी, शक्यतो त्याच खोलीत उतरायचं, आणि काकूंनी आपल्याला पाहून ‘केवढी उंच झालीस गं!’ म्हणायचं, यासाठी तर जायचं.

हे उतरणं आमच्याही आधीपासूनचं होतं. गुहागरचा व्याडेश्वर अनेक चित्पावन घराण्यांचं कुलदैवत, हरिहरेश्वर पेशव्यांचं. ज्या बाळाजी विश्वनाथांना 1713 साली पेशवेपद मिळालं आणि ज्यांच्या घराण्यानं पुढे पुण्याला राजधानीचा थाट दिला, ते मूळचे श्रीवर्धनचे. लग्न झालं, मुंज झाली की कुलदैवताला जायचं, उपाध्यांच्या घरी उतरायचं, अभिषेक करायचा आणि दुपारी त्यांच्याकडेच पान वाढून घ्यायचं, ही रीत जुनी. आमच्या आजोबांनी दोन दिवसांच्या देवदर्शनाला समुद्राचे आणखी दोन दिवस जोडले आणि वडिलांच्या पिढीनं त्याची सुट्टी केली. मग हळूहळू घराच्या फाटकावर पत्र्याची पाटी लागली: ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’.

1 मेला प्रगतिपुस्तक हातात पडलं की बांधाबांध सुरू. दापोलीकडे जायचं तर स्वारगेटहून एसटी. भोर मागे पडलं की वरंधा घाट. वाघजाईच्या देवळाशी गरम भजी आणि चहा, समोर शिवथरघळीकडची खोल दरी, आणि पिशवीवर टपलेली माकडं. गुहागरला जाणारे कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचे. ताम्हिणीचा रस्ता पुढे सुधारला आणि मग दिवेआगर-श्रीवर्धन सकाळी निघून जेवायला पोहोचण्याइतकं जवळ आलं. घाट उतरला की हवा अंगाला चिकटू लागायची. तांबडी माती आणि जांभ्या दगडाचे गडगे दिसायला लागले की आम्ही मुलं खिडकीतून समुद्राचा वास शोधायला लागायचो.

घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. ओटी, पडवी, माजघर, मागे स्वयंपाकघर, त्यामागे न्हाणीघर आणि विहीर. विहिरीपलीकडे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाशी समुद्र. आमची खोली म्हणजे पडवीचीच एक बाजू भिंत घालून बंद केलेली. गाद्या जमिनीवर, खिडकीला गज. रात्री वीज जायचीच, मग कंदील यायचा आणि त्याच्या उजेडात पत्त्यांचा डाव रंगायचा. नियम थोडे, पण पक्के. समुद्रावरून आलं की आधी विहिरीवर पाणी घ्यायचं, वाळूचे पाय घेऊन ओटीवर चढायचं नाही. वाडीत पडलेला नारळ विचारल्याशिवाय उचलायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी जेवायला किती माणसं ते आदल्या रात्रीच सांगायचं.

ते सांगण्यामागे मोठं गणित होतं. नारळ किती फोडायचे, तांदळाची पिठी किती काढायची, फणस कापायचा की नाही, हे सगळं आमच्या आकड्यावर ठरे. सकाळी घावन किंवा आंबोळी, नाहीतर मऊभात आणि मेतकूट. दुपारी केळीच्या पानावर वालाचं बिरडं, कुयरीची नाहीतर केळफुलाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, कुळथाचं पिठलं, आमटी, भात, सोलकढी. एका दिवशी उकडीचे मोदक ठरलेले. फणस पिकला असेल तर सांदणं. रायवळ आंबे पाटीभर ओटीवर ठेवलेले असत, ते मोजून कुणी खात नसे. मासे खाणारी कुटुंबं मुरूड-जंजिऱ्याच्या किंवा हर्णैच्या खानावळींत उतरत. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चाले. त्यातली सुरमई किंवा पापलेट घेऊन खानावळीत द्यायचं आणि रात्री तांदळाच्या भाकरीबरोबर तेच पानात यायचं. शाकाहारी असो की मांसाहारी, दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: घरातली मंडळी जे जेवत, तेच पाहुण्यांच्या पानात वाढलं जाई.

या सगळ्याचा खरा अर्थ मला आई झाल्यावर समजला. वर्षाचे इतर सगळे दिवस आई सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. कोकणातल्या त्या चार दिवसांत ती पहिल्या पंगतीला बसायची. कुणीतरी तिला विचारायचं, ‘आणखी भात वाढू?’ आणि ती सावकाश, बोटं चाटत, दोनदा सोलकढी मागून घ्यायची. जेवण झालं की पडवीत आडवी व्हायची आणि दुपारी चार वाजेपर्यंत तिला कुणी हाक मारायचं नाही. आमच्याबरोबर आलेल्या काकू-मावशा-आत्या समुद्रात साड्या गुडघ्यापर्यंत खोचून उभ्या राहायच्या आणि लाट आली की शाळकरी मुलींसारख्या ओरडायच्या. आमच्या कितीतरी आयांना तसं मोकळं आम्ही फक्त तिथेच पाहिलं. समुद्र त्याला कारण होताच, पण त्याहून मोठं कारण चुलीपाशी बसलेली दुसरी बाई होती.

ती बाई पहाटे साडेचारला उठायची. न्हाणीतला चुलखंड पेटवून बारा माणसांचं अंघोळीचं पाणी तापवायची, नारळ खवायची, पाट्यावर वाटण वाटायची, आमच्या दोन पंगती वाढून मग आपलं पान घ्यायची. मे महिना हाच तिच्या आंब्या-फणसांचा, साठं घालण्याचा, पापड-मिरगुंडं वाळवण्याचा, पावसाळ्याच्या बेगमीचा महिना, आणि त्याच महिन्यात आम्ही. तिच्या श्रमांवर आमच्या आईची सुट्टी उभी होती. आमच्या आयांना हे ठाऊक होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आपणहून मागच्या दारी जाऊन बसायच्या. मोदक वळायला हात लावायच्या, साठ्याला आंब्याचा रस पसरायच्या. बोलणं चालायचं ते सासरचं, माहेरचं, मुलांच्या शिक्षणाचं, गुडघेदुखीचं. चार दिवसांत दोन घरांतल्या बायकांची अशी मैत्री व्हायची की ती पुढे तीस-तीस वर्षं टिकली.

काकांकडून आम्ही समुद्र शिकलो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांनी आम्हाला ओटीवर बसवून पाठ करून घेतला. आज पंचमी म्हणजे पावणेचारला भरती, दशमीला साडेसातला, अष्टमीला सहाला. पाण्यात जायचं ते या हिशेबानं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून जाते. ओहोटी असेल तरच, आणि काकांनी हो म्हटलं तरच तिकडे पाऊल टाकायचं. त्या खडकांवर लाटेनं माणसं ओढून नेलेली आहेत. पुण्याच्या मुलांना पोहता येतं ते तलावात, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते मुंडासं गुंडाळून स्वतः किनाऱ्यावर येऊन उभे राहायचे. त्या काळजीचे पैसे त्यांनी कधी हिशेबात धरले नाहीत.

देण्याघेण्याची दुसरी वहीही होती. आमच्याकडून चितळ्यांची बाकरवडी, कयानीची श्रूजबेरी बिस्किटं, लक्ष्मीनारायणचा चिवडा, मुलांना वह्या-पुस्तकं जायची. येताना पिशव्यांत आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी, श्रीवर्धनची रोठा सुपारी आणि ‘हे वजनात धरू नका’ म्हणून घातलेले दोन नारळ यायचे. ‘पुण्याला या’ हे निघताना म्हटलेलं वाक्य खरं व्हायचं. काकूंचा मुलगा बारावीनंतर पुण्याला शिकायला आला, हॉस्टेलवर राहिला आणि दर रविवारी आमच्याकडे जेवला. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं, तेव्हा आमच्या घरातली आतली खोली त्यांची होती. त्या दिवसांत आईनं काकूंना एकदाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत असंच घडलं.

काळ पालटला तो एकेका कारणानं. नोव्हेंबर 1997 मध्ये दिवेआगरला एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, आणि शांत गावाला गर्दीची ओळख झाली. घरोघरी एक खोली, मग दोन, मग वेगळी इमारत. पुढे 2012 साली दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो मुखवटा लुटला. 2021 मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा गावाचं मन थोडं हलकं झालं. 2003 पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि गाडी बोटीवर चढवून दापोलीतून थेट गुहागर तालुक्यात उतरता येऊ लागलं. एका दिवसात चार किनारे पाहणं जमू लागलं आणि चार दिवस एका घरी राहणं मागे पडलं. मुलांच्या सुट्टीपेक्षा आता आमची रजा छोटी आहे.

आणि मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड भागात कौलं उडाली आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या पोफळींखाली आम्ही लपाछपी खेळलो, त्या एका दुपारीत मोडून पडल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सहा वर्षं लागतात आणि नारळालाही सबुरी लागते. म्हणजे त्या दुपारी एका घराची पुढच्या कित्येक वर्षांची कमाई गेली, तीही टाळेबंदीमुळे पाहुणे बंद असताना. पुण्यातून ताडपत्र्या आणि शिधा घेऊन गाड्या गेल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे पानं वाढून घेतली होती, त्यांना त्या गावांचे फोन लागेपर्यंत झोप आली नाही. ती घरं केवळ मुक्कामाची जागा असती, तर असं झालं नसतं.

काही घरं उभी राहिली, काही राहिली नाहीत. काही काकू थकल्या आणि सुना मुंबई-पुण्यात नोकरीला आल्या. ते योग्यच आहे. पहाटे साडेचारचं उठणं कुणावर वंशपरंपरेनं लादावं असं त्यात काही नाही. पण ही रीत संपलेली नाही, आणि ते मला वेळासनं दाखवलं. नाना फडणविसांचं हे गाव बाणकोटच्या खाडीजवळ आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला पुण्याची मुलं येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. माझी मुलगी तिथे गेली तेव्हा घरच्या ताईंनी तिला विचारलं, ‘मोदकावर तूप किती घालू?’ मुलगी परत आली ती कासवांपेक्षा त्या ताईंबद्दल जास्त बोलत होती. पुढच्या वर्षीही त्याच घरी जायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

म्हणून माझं समवयस्कांना मनापासून सांगणं आहे. तुमच्या लहानपणीच्या कोकणातल्या घराचा नंबर शोधा आणि फोन करा. घर चालू असेल तर निदान तीन रात्री राहा, जेवणारी माणसं आदल्या रात्री सांगा, ताटात टाकू नका, भाव पाडू नका. मुलांना तिथीची पाऊणपट शिकवा. काकू आता रांधत नसतील, तर त्यांना भेटायलाच जा. आणि पावसाळ्यात वाडीचं काम हलकं झालं की त्यांना चार दिवस पुण्याला घेऊन या. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा आणि विचारा, ‘आणखी भात वाढू?’