एक कळ

आमच्या शाळेच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे. त्याचा आधीचा कीबोर्ड बंद पडला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्हीच एखादा घेऊन या. बडवायचा तुम्हालाच आहे." मी बाजारातून तीनशे रुपयांचा, वायरचा, काळा कीबोर्ड आणला. शाळा सोलापुरातली, उर्दू माध्यमाची. क्लार्क नाही. बी.एड. करून इतिहास शिकवायला आलेला मी त्या दिवसापासून निम्मा शिक्षक आणि निम्मा टायपिस्ट झालो.

हा गरीब कीबोर्ड तीन भाषा सांभाळतो. दाखले मराठी-इंग्रजीत, पालकांच्या चिठ्ठ्या आणि सालाना जलशाच्या पत्रिका उर्दूत. बटणांवर छापलेली अक्षरे मात्र फक्त इंग्रजी. बाकीच्या दोन भाषा बोटांनी पाठ करायच्या. मराठी मी इन्स्क्रिप्टवर शिकलो. तिथे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. उर्दू इनपेजमध्ये फोनेटिक पद्धतीने. ओळ उजवीकडून चालते, पण मध्ये हजेरी क्रमांक आला की आकडे डावीकडून चालू लागतात. सुरुवातीला डोके गरगरायचे. आता बोटांना सगळे कळते.

दोन वर्षांत या कीबोर्डचे एक बटण रुसू लागले. डी. तीन भाषांत या एका बटणाची तीन कामे आहेत. इंग्रजीत ते डी, उर्दूत दाल आणि मराठीत अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह. म्हणजे ते दाबले नाही गेले तर मराठीत जोडाक्षरच होत नाही. 'मुस्तफा'चा 'मुसतफा' होतो, 'अब्दुल'चा 'अबदुल'. मराठीतली चूक डोळ्यांत खुपायची, मी पुन्हा जोराने बटण दाबायचो.

एकदा उलटा करून टेबलावर आपटला तर खडूची पांढरी भुकटी आणि बिस्किटाचे कण पडले. स्क्रू काढून आतही पाहिले. प्रत्येक बटणाखाली रबराची एक टोपी, तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि त्यांवर छापलेल्या बारीक रेषा. टोपी दबली की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि अक्षर उमटते. एवढ्याशा टेकण्यावर सगळा कारभार. डीची टोपी थकली होती. मी फडक्याने पुसून कीबोर्ड पुन्हा बंद केला. तीनशे रुपयांची मागणी पुन्हा कोणाकडे करायची, म्हणून दिवस ढकलत राहिलो.

2019 च्या जून महिन्यात सातवी पास झालेल्या मुलींचे दाखले मी काढले. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. लोक रेशनकार्ड, आधार, दाखले शेजारी शेजारी ठेवून अक्षरे जुळवू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते ते शेजारच्या पोरांना बोलावून वाचून घेत होते.

जानेवारीत एक चाचा शाळेत आले. यंत्रमागावर आयुष्य गेलेले. नातीचा दाखला त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला होता. म्हणाले, "सर, जरा देखो ना. पोट्टी के बाप के नाम में कुछ घोटाला हय."

मी पाहिले. मराठीत नाव बरोबर होते. इंग्रजीत मात्र 'अब्दुल'मधला डी गायब होता. 'अबुल' झाले होते. अबुल हेही आपल्यातलेच नाव, म्हणून माझ्याही डोळ्यांना खटकले नाही आणि मुख्याध्यापकांच्या सहीलाही. पुढचे नाव इथे लिहीत नाही, पण ते अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक होते. अब्द म्हणजे बंदा. अबू म्हणजे बाप. एका डीवाचून मी बंद्याला कोणाचा बाप करून ठेवले होते!

चाचांना मदरशातली थोडी अरबी येत होती. ते हळूच म्हणाले, "तौबा तौबा. हमको तो बंदाच रहने दो, सर."

ते हसले. मला हसता आले नाही. त्या दिवसांत एका अक्षरासाठी हा म्हातारा रात्रभर जागला असणार, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होते. मी म्हणालो, "चाचा, कीबोर्ड खराब हय." बोललो आणि माझीच मला लाज वाटली. बटण खराब होते, पण वाचून पाहायचे काम माझे होते.

कपाटातून जनरल रजिस्टर काढले. त्यात शाईने, सुंदर अक्षरात, पूर्ण नाव लिहिलेले होते. त्याच्या आधारावर दुरुस्त दाखला काढला. डीवर अंगठा टेकवून दाबला. चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग दुरून पाहिला, आणि माझ्याकडून एकेक अक्षर वाचून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी नवा कीबोर्ड आणला. तोही स्वस्तातलाच. पण तेव्हापासून पालकाला समोर बसवून, नाव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय दाखला सहीला जात नाही. रांग लांबते, सहकारी वैतागतात. वैतागू देत.

मराठीत बटणाला कळ म्हणतात आणि दुखण्यालाही कळ म्हणतात. उर्दू शाळेतल्या मला हे पुस्तकात वाचून माहीत होते. त्या जानेवारीत ते समजले.