एका भेटीचं काम

क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रशिक्षणार्थी पेण आणि रोह्याच्या सरकारी ओपीडीत माझ्याबरोबर बसायला येतात, तेव्हा त्यांची एक सवय पक्की झालेली असते. रुग्ण उठायच्या आत ते पुढची तारीख देतात, पुढच्या आठवड्याची, याच वेळेची. दोन वर्षांच्या एम.फिल.मधला त्यांचा बहुतेक काळ मोठ्या रुग्णालयात जातो, आणि तिथं ती सवय योग्यच असते. इथं मी त्यांना आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायला लावते. समोरचा माणूस कुठल्या गावचा, काय काम करतो ते विचार आणि मग तारीख दे.

हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत आषाढ-श्रावणात रंगकामाला दिवस पुरत नाही. लावणीच्या दिवसांत शेतावरची बाई येणार नाही. दिवाळी झाली की डोंगरातल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतला कामगार पाळ्यांवर फिरतो. या आठवड्यात सकाळी मोकळा असलेला माणूस पुढच्या आठवड्यात त्याच वेळी प्लांटमध्ये असतो, आणि त्याची झोप नेमकी त्या पाळ्यांनीच बिघडलेली असते. पुस्तकातली आठवड्याची पन्नास मिनिटं या सगळ्यावर लादली, की फाइलमध्ये ‘उपचार सोडले’ अशी नोंद होते. माणसानं उपचार सोडलेले नसतात, तो कामाला गेलेला असतो.

म्हणून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवते. ही भेट एकुलती एक असेल असं धरून बसायचं, आणि माणूस उठेल तेव्हा त्याच्या हातात वापरता येईल असं काहीतरी असलं पाहिजे. याला कमी प्रतीचं काम समजू नये. शेजारच्या गोव्यात संगथ या संस्थेनं हे नीट तपासून दाखवलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्यासाठी सहा ते आठ आणि घातक मद्यपानासाठी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. दोन्हींचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि रुग्णांना फायदा झालेला दिसला. चार बैठकांत होतं त्यातलं पहिल्याच बैठकीत किती देता येईल, हा माझ्या मुलामुलींपुढचा प्रश्न.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. दिवाळीच्या आधीचे दिवस. भट्टीवर निघायच्या तयारीतला पस्तिशीचा माणूस, सोबत बायको, कडेवर मूल. झोप लागत नाही, हातपाय कापतात, जीव घाबरा होतो. प्रशिक्षणार्थी मुलीनं चिंतेची प्रश्नावली पुढं ओढली. मी चिठ्ठी सरकवली, ‘शेवटची कधी घेतली?’ तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, “दादा, दारू शेवटची कधी घेतलीत?” तो खाली बघत राहिला. बायको म्हणाली, “काल सकाळी. पैसंच नव्हतं.” प्रश्नावली तिथंच बंद झाली. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यापुढं वाताचा झटका जिवावर बेतू शकतो. आमच्या बोलण्याआधी त्याला डॉक्टर, सलाइन आणि थायामिन हवं होतं. मुलीनं स्वतः त्याला मेडिकल ऑफिसरकडं नेलं, भरती होईपर्यंत थांबली. मानसशास्त्रज्ञानं कधी थांबायचं हे इतक्या थेट क्वचितच शिकायला मिळतं.

तो सावरल्यावर खाटेपाशी बसून खरं काम झालं. भट्टीवर आठवड्याची खर्ची कोणाच्या हातात पडते? त्याच्या. ती बायकोनं घ्यायची, हे त्यानं स्वतः मुकादमाला सांगायचं. पिण्याची इच्छा कुठल्या वेळी जास्त होते? संध्याकाळी, हातपाय धुतल्यावर. त्या वेळेला काय करायचं, कोणापाशी बसायचं, हे त्याच्याच तोंडून काढलं. गोळ्या किती दिवसांच्या, भट्टीपासून जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये. मूल मधेच रडत होतं, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कान देऊन ऐकत होते. आदर्श खोली मिळणार नाही, हे मान्य करूनच आवाज कुठं खाली आणायचा ते शिकावं लागतं.

नातेवाईक हा वेगळाच अभ्यास. सुनेला विचारावं तर उत्तर सासू देते. तिला बाहेर काढणं उद्धटपणाचं, आणि तिच्या देखत विचारणं निरर्थक. आधी सासूचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मग “आजी, आता पाच मिनिटं मी हिला एकटीला विचारते, सगळ्यांनाच विचारते,” असं म्हणायचं. आपण उठून दारापर्यंत जायचं. आजी येतात.

त्या पाच मिनिटांत मरणाचा प्रश्न विचारायचाच. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगते, आणि तरी पहिल्यांदा विचारताना प्रत्येकाचा आवाज अडखळतो. घरच्यांना बहुतेक वेळा पोलिसांची भीती असते, म्हणून ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगितलं जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 इथं पाठ हवं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. हे चार वाक्यांत समजावलं, की कीटकनाशकाची बाटली घरात कुठं ठेवलेली असते इथपर्यंत बोलणं येतं. ती कोण उचलून नेणार, आज संध्याकाळी की उद्या, हे ठरल्याशिवाय मी भेट संपू देत नाही.

पेण ते रोहा आम्ही कधी रेल्वेनं जातो. गाडीत रुग्णाविषयी एक अक्षर बोलायचं नाही, नाव न घेताही नाही. या पट्ट्यात समोरच्या बाकावरची बाई कोणाची तरी नणंद निघते. बाजारात रुग्ण दिसला तर त्यानं ओळख दिली तरच आपण द्यायची. केसची चर्चा दार लावून, रोज, थकवा असला तरी.

प्रशिक्षण संस्थांशी बोलताना माझा आग्रह तारखांचा असतो. परीक्षा आटोपल्यावर उरलेले आठवडे आम्हाला नकोत. मुलांना गणपतीनंतर लगेच पाठवा. तेव्हा कारखान्यातली माणसं मोकळी झालेली असतात आणि वाड्यांवरची अजून गेलेली नसतात. एकाच माणसाला दोन-तीनदा भेटण्याची वर्षातली ती सगळ्यात चांगली संधी. आणि पावसाच्या तोंडावर तीच मुलं पुन्हा काही दिवस यावीत, भट्टीवरून परतलेल्यांच्या फाइली त्यांनीच उघडाव्यात.