आंघोळ करू नको

कोणी, कुठे, कसं हे इथे लिहिणार नाही. ते मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबात सांगून झालंय. लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेबद्दल.

पडेगावात आमच्या गल्लीत पाणी टँकरचं. ड्रम भरून ठेवायचे आणि पुरवून पुरवून वापरायचं. त्या पहाटे मी न्हाणीत बादलीमागून बादली भरत होते. भिंतीपलीकडच्या आक्कांना आवाज गेला. त्या आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हातातला तांब्या काढून घेतला. "आंघोळ करू नको. मला काही सांगू नको. कालचे कपडे कुठंयत?"

आक्का घाटीतून, म्हणजे सरकारी रुग्णालयातून, आया म्हणून रिटायर झालेल्या. कपडे त्यांनी जुन्या पेपरात गुंडाळले. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, पुरावा खराब होतो, म्हणाल्या.

जवळ पडतो म्हणून आधी एका खासगी दवाखान्यात गेलो. "पोलीस केस आहे, आधी तिकडे जा," एवढंच ऐकायला मिळालं. वास्तविक सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला अशा वेळी तातडीने आणि मोफत उपचार करावेच लागतात. टाळलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मला तेव्हा यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. आक्कांना होतं, पण त्या भांडत बसल्या नाहीत. "भांडायला मागून येऊ. औषधाला उशीर नको." एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी.

रिक्षा छावणी ओलांडून घाटीत पोचली. मला धास्ती होती ती 'दोन बोटांच्या' तपासणीची. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ती चुकीची ठरवली आणि 2022 मध्ये पुन्हा खडसावलं, हे मला कुठून माहीत असणार! डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "हे करू का?" एका तपासणीला मी नको म्हटलं. त्यांनी तसं कागदावर लिहिलं आणि उपचार चालू ठेवले. आदल्या दिवसानंतर माझं 'नको' कोणीतरी ऐकलं, ते पहिल्यांदा तिथे.

पोलिसांना रुग्णालयानेच कळवलं. जबाब महिला अधिकाऱ्याने घेतला, एफआयआरची प्रत फुकट मिळाली. तिथून 'सखी' वन स्टॉप सेंटर. पाच दिवसांपर्यंत राहता येतं. मी दोन रात्री राहिले. तिथल्या समुपदेशक बाईंशी पहिल्या दोन भेटींत मी टँकर कसा वेळेवर येत नाही एवढंच बोलले. त्यांनी तेही मन लावून ऐकलं. तिसऱ्या भेटीत रडले. सरकारी आर्थिक मदतीसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, हे त्यांनीच सांगितलं. योजना 2013 पासून आहे.

गल्लीत कुजबुज झाली, अजून होते. माहेरच्यांनी आधी 'गप्प बस' म्हटलं, मग आई येऊन महिनाभर राहिली.

इतकं सगळं कायद्यात असताना मला ते एका रिटायर आयाकडून कळावं, याचा राग अजून जात नाही. खटला चालू आहे. तारखेला आक्का सोबत येतात. आक्का काही प्रत्येकीच्या भिंतीपलीकडे नसतात. महिलांसाठीचा 181 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा. तुम्हाला लागला नाही तरी शेजारणीला लागेल.