वळिवड्याची पोलिश छावणी

कोरेगावहून कोल्हापूरची गाडी धरली की रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड मागे पडतात. किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज झाली, की कोल्हापूर येण्याआधी वळिवडे लागतं. पॅसेंजर इथे थांबते. उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना जायचं असतं शेजारच्या गांधीनगरला, घाऊक कपड्याच्या खरेदीला. स्मारक बघायला आलेला पाहुणा विरळाच.

1943 ते 1948 या काळात इथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. वस्ती सुमारे पाच हजारांची, त्यात बहुतेक बायका आणि पोरं.

ती इथवर आली कशी? 1939 च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. 10 फेब्रुवारी 1940 च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधली कुटुंबं घरातून उठवून मालगाडीच्या डब्यांत कोंबली गेली. सायबेरियात लाकूडतोड नशिबी आली. पुढे असंच हाकललेल्या कित्येकांना कझाकस्तानात नेलं. भूक आणि टायफसने माणसं पटापट मेली. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनने त्यांना सोडलं. 1942 मध्ये त्यांतले हजारो इराणात पोचले आणि तिथून काहींना हिंदुस्थानात आसरा मिळाला. जामनगरजवळच्या बालाचडीत तिथल्या राजांनी, जामसाहेबांनी, अनाथ पोरांना सांभाळलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पंचगंगेच्या खोऱ्यातली ही त्याहून कितीतरी मोठी वस्ती मात्र शेजारच्या जिल्ह्यांतही फारशी कुणाच्या कानावर नाही. खुद्द साताऱ्याच्या पाचगणीतही आजारी पोलिशांना हवापालटासाठी ठेवलं होतं!

वळिवड्यात बराकींच्या रांगा होत्या. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटांची पथकं, सगळं होतं. युद्ध संपलं तरी परतायला घर उरलं नव्हतं, कारण त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत. छावणीतली एक मुलगी मात्र कोल्हापूरकराशी लग्न करून इथलीच झाली.

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या महावीर उद्यानात या पोलिशांच्या आठवणीचा स्तंभ आहे. फिरायला येणारे त्याला वळसा घालून पुढे जातात. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत छावणीत वारलेल्यांच्या कबरी आहेत. 2019 मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला. त्या सोहळ्याला इथे लहानपण घालवलेले म्हातारे पोलिश मुद्दाम आले होते. तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले, तेव्हा इकडच्या वर्तमानपत्रांनीही वळिवड्याची दखल घेतली.

बराकी मोकळ्या झाल्या, त्या फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेल्यांना तिथे वसवलं गेलं. तेच आजचं गांधीनगर, लग्नसराईत सातारा-सांगलीच्या वऱ्हाडांचा बस्ता बांधून देणारं.