गड समोरच होता

वणीतील आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले की उत्तरेला सप्तशृंगगडाची डोंगररांग दिसते. पावसाळ्यात ती ढगांत बुडालेली असते, हिवाळ्यात निळसर भासते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी करडी होते. बालपणापासून मी ती पाहत आलो. परंतु डोंगराकडे पाहणे आणि त्याच्या सान्निध्यात जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे उमगण्यास मला साठी गाठावी लागली.

आमचे घराणे व्यापाऱ्याचे, दुकान किराणा मालाचे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. सकाळी आठला ते गादीवर बसत, ते रात्री नऊलाच उठत. चैत्रातील आणि नवरात्रातील यात्रेच्या दिवसांत त्यांना मान वर करण्यास फुरसत नसे. गडावर जाणाऱ्या असंख्य यात्रेकरूंना त्यांनी गूळ, खोबरे, शेंगदाणे तोलून दिले. स्वतः मात्र डोंगराच्या वाटेला क्वचितच लागले. ‘दुकान कोण पाहील?’ हा एकच प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

२००९ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. भाऊंनी तेव्हा ऐंशी गाठली होती. एके रात्री जेवताना ते म्हणाले, “नांदुरीच्या वाटेवर पळस फुलला असेल. लहानपणी बैलगाडीतून जाताना पाहिला होता. एकदा घेऊन चल.” मी तेव्हा बँकेत शाखाधिकारी होतो. मार्चअखेर म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मी म्हणालो, “भाऊ, एकतीस तारीख होऊ द्या, मग जाऊ.” ते काही बोलले नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो, तेव्हा फुले गळून गेली होती आणि फांद्यांवर शेंगा धरल्या होत्या. भाऊ गाडीतून उतरलेही नाहीत. “पुढच्या वर्षी पाहू,” एवढेच म्हणाले. पुढचा फाल्गुन त्यांना लाभला नाही.

नोकरीत असताना मी अनेक कर्जांना मुदतवाढ दिली. या एका येण्याला मुदतवाढ नव्हती. आणि ती वाट होती जेमतेम अर्ध्या तासाची.

२०१८ मध्ये मी सेवानिवृत्त झालो. पहिले काही महिने फार जड गेले. सकाळी तयार होऊन बसायचे आणि जायचे कोठेच नाही. झोप उडाली, रक्तातील साखर वाढली, घरातल्यांवर चिडचिड होऊ लागली. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले, म्हणून पहाटे द्राक्षबागांच्या रस्त्याने जाऊ लागलो. दिंडोरी तालुक्यातील कितीतरी बागांची पीककर्जे माझ्या सहीने मंजूर झाली होती. पण ऑक्टोबर छाटणीनंतर उघड्या पडलेल्या काडीवरचा डोळा कसा फुगतो आणि त्यातून पोपटी कोंब कसा बाहेर येतो, हे मी प्रथमच जवळून पाहत होतो. वर्षभरात साखर आटोक्यात आली. औषधे चालू होतीच, त्यामुळे सारे श्रेय चालण्याला देणार नाही. परंतु झोप परत आली आणि माझा स्वभाव निवळला, हे घरातील सर्वांनी मान्य केले.

वयाच्या दुसऱ्या टोकाला माझा नातू. दुसरीत असतानाच त्याला चष्मा लागला. नेत्रतज्ज्ञांनी विचारले, “हा उजेडात किती वेळ खेळतो?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. गाव डोंगराच्या पायथ्याशी आणि मूल मात्र खोलीत मोबाइल घेऊन बसलेले! याविषयीचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूर आणि सिडनी येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची त्यात तुलना होती. सिंगापुरात शंभरांपैकी सुमारे २९ मुलांना लांबचे धूसर दिसत होते. सिडनीत केवळ तिघांना. सिडनीतील मुले पुस्तके अधिक वाचत होती, पण आठवड्यात सुमारे १४ तास घराबाहेर असत. सिंगापूरची मुले सुमारे तीनच तास. लागलेला चष्मा सुटत नाही. तथापि चष्मा लागणे लांबावे यासाठी दिवसाचा मोकळा उजेड मोठा उपयोगी ठरतो. आता शाळेतून आल्यावर नातवाने अंधार पडेपर्यंत अंगणातच असावे, असा आमच्या घरचा नियम आहे.

आणि माझी आई. घरात सारे तिला बाई म्हणतात. आता ती नव्वदीकडे झुकली आहे. गुडघ्यांमुळे तिचे बाहेर जाणे थांबले होते आणि तिची खाट मागच्या अंधाऱ्या खोलीत होती. तिला आवाजाचा त्रास होऊ नये, हा आमचा सद्हेतू! १९८४ मध्ये अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे वाचल्यावर आम्ही बाईची खाट पुढच्या खोलीत, कडुनिंब दिसेल अशा खिडकीपाशी हलवली. आता कोणता पक्षी केव्हा येतो, याची वार्ता ती सर्वांना देते. गुडघे तसेच आहेत. पण तिची हाक पुन्हा घरात ऐकू येते.

“आम्हाला वेळ कोठे?” हा आपल्या समाजाचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याला एक उत्तर आहे. इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत, २०१९ मध्ये, असे आढळले की आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपले आरोग्य अधिक चांगले असल्याचे सांगतात. मग ती मिनिटे एकाच दिवशी असोत वा विभागून. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही दुकान बंद असण्याच्या दिवशी दोन तास काढणे कोणत्या कुटुंबाला अशक्य आहे?

आपले साधू-साध्वी चातुर्मासाचे चार महिने सोडल्यास वर्षभर पायी विहार करतात. पुढची जमीन न्याहाळत, कोणत्याही जीवाला इजा होऊ नये म्हणून जपून पाऊल टाकतात. त्यांना वंदन करताना मला अलीकडे वाटते, की आपण अहिंसा स्वयंपाकघरात कसोशीने पाळली, पण ज्या जीवसृष्टीसाठी ती पाळायची, तिची ओळखच ठेवली नाही. मुलांना जीवदया शिकवायची असेल, तर जीव दाखवावे लागतील.

गेल्या फाल्गुनात, ऐन मार्चमध्ये, मी मुलाला दुकान अर्धा दिवस बंद ठेवण्यास सांगितले. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कुलूप लावले. बाईला गाडीत बसवून आम्ही चार पिढ्या नांदुरीच्या वाटेला लागलो. पळस फुललेला होता. नातू फांदीकडे हात उंचावू लागताच बाई गाडीतून म्हणाली, “वरचे तोडू नको रे, खाली पडलेले घे.” त्याने ओंजळभर फुले वेचून तिच्या मांडीवर ठेवली. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “तुझ्या पणजोबांना हे पाहायचे होते.”

मी काही बोलू शकलो नाही. वाचकहो, आपल्या घरातही कोणी असे काही मागितले असेल, तर एकतीस तारखेची वाट पाहू नका.