आधी सांगितलेला दोष

जुने वाहन विकत घेणे म्हणजे परक्या माणसाच्या आयुष्यातील काही वर्षे विकत घेणे होय. ती वर्षे त्याने कशी घालविली, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. २०२१ च्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी जुनी पिकअप घ्यावयाचे ठरविले, तेव्हा ही साधी गोष्ट आम्हांस उमगलेली नव्हती.

आमचा व्यवसाय लहानसा. मूल-सिंदेवाहीकडचा तांदूळ, कांदे-बटाटे आणि थोडा किराणा घेऊन गडचिरोली जिल्ह्यातील आठवडी बाजार करावयाचे. भाड्याच्या गाडीपायी निम्मी मिळकत जाई. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची प्रदूषण-मानके लागू झाल्यावर नव्या डिझेल गाड्या अधिकच महागल्या होत्या. तेव्हा जुन्या गाडीवाचून गत्यंतर नव्हते.

शहरात गाडी बंद पडली तर माणूस वैतागतो. आलापल्लीहून पेरमिली-ताडगावमार्गे भामरागडकडे जाताना ती बंद पडली, तर वैतागायलाही सवड नसते. दोन्ही बाजूंना सागाचे रान, मोबाईलला रेंज नाही आणि मिस्त्री कित्येक मैल मागे राहिलेला. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पुढची वाटही खुंटे. अशा मुलखात ‘भरवशाची गाडी’ या शब्दाला निराळेच वजन येते.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना सोबत येण्याची गळ घातली. ते म्हणाले, “भाऊ, ताई, रंग पाहू नका. गाडी पाहाले जायचं तर सकाळी सकाळी जायचं, अन् सांगून जायचं नाही.”

पहिली गाडी घुग्घुसच्या बाजूची. पांढराशुभ्र नवा रंग, आत नवी आसने. आम्ही हरखून गेलो. मिस्त्रींनी प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. ते कोमट होते! आम्ही येणार असल्याची वर्दी दलालाने दिली असावी. थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते, हे आम्हांस दिसू नये म्हणून ते आधीच चालवून ठेवले होते. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडले. आतून धापा टाकल्यासारखा धूर येऊ लागला. पिस्टनच्या रिंगा झिजल्याची ती खूण. शेवटी ते गाडीखाली शिरले. पाट्यांच्या वरच्या अंगाला चेसिसवर वेल्डिंगचे जाडसर वळ होते आणि सांदीकोपऱ्यांत कोळशाची काळी भुकटी चिकटून बसली होती. वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा अधिक भार वाहिल्याची ती साक्ष होती.

दुसरी गाडी वैनगंगेच्या काठची. कमी चाललेली, किंमतही बेताची. मिस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. बाहेरचा पट्टा स्वच्छ होता, पण आत गुंडाळलेल्या भागावर पिवळट गाळाची रेघ उमटली होती. आसनांखालचे नट गंजले होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची गावे बुडाली होती. ही गाडी त्या पुरातून निघालेली असावी. मालक मात्र “एका म्हाताऱ्या माणसाने जपून वापरली” एवढेच पुन:पुन्हा सांगत राहिला.

तिसरी गाडी चामोर्शीजवळच्या एका शेतकऱ्याची. हौद्याला पोचे, दाराला ओरखडे, पेडलचे रबर झिजलेले. भल्या पहाटे गेलो, तेव्हा बॉनेटवर दव होते. आम्ही काही विचारण्यापूर्वीच तो गृहस्थ म्हणाला, “दोन गोष्टी सांगून देतो जी. उतारावर दुसरा गिअर सुटते. अन् मागचे पाटे मी मागल्या वर्षी बदलले, धान जास्त भरलं होतं.” मिस्त्रींनी तासभर तपासणी केली. गिअर खरोखरच सुटत होता. पाटे नवे होते. याखेरीज त्यांना काही सापडले नाही. परतताना ते म्हणाले, “या माणसाने दोष सांगितला तोच दोष निघाला. आता जे त्याने सांगितलं नाही, ते नसंल असं मानाले हरकत नाही.”

पुढे आमच्या वाचनात आले की जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा त्याच्या पदरी पडला, तो मुख्यत्वे त्याच निबंधामुळे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या मोटारीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. फसगतीच्या भयाने घेणारा प्रत्येक गाडीला कमीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही, आणि बाजारात शेवटी खराब गाड्याच उरतात. म्हणजे एकाच्या असत्याचा दंड सर्वांनाच भरावा लागतो.

असो. आम्ही ती गाडी घेतली. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म, योग्यता प्रमाणपत्र, विमा, थकलेली ई-चलाने, सारे पाहिले. चेसिस व इंजिनचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिले. गाडी नावावर करून घेण्यात मात्र पुष्कळजण हयगय करतात. विकणाऱ्यानेही त्याबाबत गाफील राहू नये. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे.

त्या गाडीने तीन वर्षे आमचा संसार ओढला. रानात तिने आम्हांस एकदाही उघड्यावर टाकले नाही.

२०२४ साली मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शुल्क भरण्यासाठी गाडी विकणे भाग पडले. त्याच सुमारास रेडिएटरचे पाणी हळूहळू कमी होऊ लागले होते. इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येत. हेड गॅस्केट जाऊ लागल्याची ही लक्षणे, हे एव्हाना आम्हीही जाणत होतो.

गाडी पाहायला आलेला तरुण भामरागडकडचा होता. बांबू आणि धान्य वाहून पोट भरण्याचा त्याचा विचार. सोबत त्याची वृद्ध आई होती. तिने पुढच्या आसनावर बसून पाहिले आणि ती समाधानाने हसली. त्याने विचारले, “काही काम आहे का जी गाडीत?” आम्ही म्हणालो, “चालती गाडी आहे.” हे खोटे नव्हते. परंतु खरेही नव्हते. त्याने पाच हजार रुपये इसार दिला आणि तो गेला.

त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही. मुलीचे शुल्क डोळ्यांपुढे होते. तापलेले इंजिन, पेरमिलीपुढचे रान आणि पुढच्या आसनावर बसलेली ती म्हातारीही डोळ्यांपुढे होती. सीटबेल्टवरची गाळाची रेघ आठवली. त्या मालकाला आम्ही तीन वर्षे नावे ठेवली होती. आता त्याच्यात आणि आमच्यात अंतर ते कोणते उरले होते?

सकाळी आम्ही त्या तरुणाला फोन केला. पाण्याची गोष्ट सांगितली. इसार परत न्यायचा असेल तर ने, असेही सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. “काल काहून नाही सांगितलं?” त्याने विचारले. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दोन दिवसांनी तो आपला मिस्त्री घेऊन आला. पंचवीस हजार रुपये कमी करून त्याने गाडी घेतली. मुलीच्या शुल्कात पडलेली तूट आम्ही उसनवारीने भरून काढली. ती फेडायला वर्ष लागले. नुकसान झाले नाही असे म्हणणे हीदेखील एक लबाडीच ठरेल.

गाडी निवडताना काय काय पाहावे, असे आता कुणी विचारले तर बॉनेट, झाकण, चेसिस, पट्टा, कागद हे सारे आम्ही सांगतो. अखेरीस एवढेच जोडतो की विकणाऱ्याने न विचारता एखादा दोष सांगितला का, तेही पाहावे. आणि आपल्यावर विकण्याची पाळी येईल, तेव्हा पहिल्याच दिवशी सांगावे. आम्हांला एक रात्र उशीर झाला होता.